राजपुत्राचे चित्र आणि शेताचा बांध
मुलांच्या हाती आपण कोणता सिद्धार्थ देणार?

आखाडा बाळापूर (जि. हिंगोली) : माता-भगिनींनो, आपल्या घरातल्या मुलांना एक चित्र अगदी तोंडपाठ असते. राजवाड्याची बाग आहे. तळ्यात कमळे फुलली आहेत. झाडाखाली राजपुत्र सिद्धार्थ बाण लागलेला हंस मांडीवर घेऊन बसला आहे. डोक्यावर रत्नजडित मुकुट, गळ्यात मोत्यांच्या माळा, अंगावर जरीचा शेला. समोर धनुष्य घेतलेला देवदत्त तावातावाने काहीतरी सांगतो आहे. पाण्यात कालवलेल्या मऊ रंगांची ही चित्रे गोष्टींच्या पुस्तकांत असतात, कॅलेंडरवर असतात. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी येथे जाणारी आपली माणसे ग्रंथांबरोबर अशी एखादी तसबीरही घेऊन येतात आणि ती आपल्या भिंतीवर वर्षानुवर्षे राहते.

चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु ते पाहून मूल काय शिकते, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला आहे काय? मुलाची नजर आधी मुकुटावर जाते. मग ते विचारते, “आई, हा राजा किती श्रीमंत होता?” आणि आपणही राजवाडा, हत्ती-घोडे, दास-दासी यांचेच वर्णन करीत बसतो. हंस बाजूला राहतो, झाड बाजूला राहते आणि ज्यांच्या घामावर तो राजवाडा उभा होता ती माणसे तर चित्रात आलेलीच नसतात.

राजा आणि निसर्ग यांचे चित्र कसे काढावे आणि कसे वाचावे, याचा फार मोठा वारसा बौद्ध परंपरेने आपल्याला दिला आहे. हा वारसा दूर कोठे नाही. तो आपल्याच मराठवाड्याच्या डोंगरात आहे.

आपल्या वाटेवरचे राजघराणे

नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली एसटी आखाडा बाळापूरवरून जाते. हीच वाट हिंगोलीच्या पुढे वाशीमला पोहोचते. आज वाशीम हे शेजारच्या जिल्ह्याचे ठाणे आहे. प्राचीन काळी त्याचे नाव वत्सगुल्म होते आणि वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात नंदिकड, म्हणजे आजच्या नांदेडच्या परिसराचा उल्लेख आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मधोमध असलेला आपला हा मुलूख त्या राजवटीला परका नव्हता.

याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या अनेक लेण्यांचे काम झाले. १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने भिक्षुसंघाला दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. दान देणाऱ्याचे नाव दगडावर राहिले. छिन्नी चालविणाऱ्या आणि कुंचला फिरविणाऱ्या हातांची नावे मात्र त्या लेखात नाहीत. कष्टकऱ्याच्या नावाची ही कथा आपल्याला नवी नाही. तरीही त्या अनाम हातांनी भिंतीवर जे लिहून ठेवले आहे, ते राजाच्या लेखापेक्षा अधिक बोलके आहे.

अजिंठ्यातील सर्वांत जुनी चित्रे ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांत आहेत. ती इसवी सनापूर्वीची आहेत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ही पद्धत होती. तांबडा आणि पिवळा गेरू, दिव्याची काजळी, पांढरी माती आणि हिरवा दगड ही त्यांची रंगपेटी. निळा रंग तेवढा दूर अफगाणिस्तानातून येणाऱ्या राजवर्ती दगडाचा होता. बाकी सारे मातीतूनच आले होते.

काशीची राणी आणि सहा सुळ्यांचा हत्ती

१० आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत छद्दंत जातकाचे चित्र आहे. ही कथा आपल्या घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असावी.

हिमालयात एका सरोवराकाठी सहा सुळ्यांचा पांढरा गजराज आपल्या कळपासह राहत होता. त्याला दोन राण्या होत्या. एकदा त्याने फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली. एका राणीच्या अंगावर फुले आणि पराग पडले. दुसरी वाऱ्याच्या उलट बाजूला उभी होती. तिच्या अंगावर वाळक्या काटक्या, पाने आणि तांबड्या मुंग्या पडल्या. गजराजाच्या मनात दुजाभाव नव्हता, पण दुसरीच्या मनात सल राहिला. पुढे सरोवरातले एक मोठे कमळही पहिलीलाच मिळाले. दुसरीने अन्नपाणी सोडले आणि ती मरण पावली. कथा सांगते की तीच पुढे काशीची राणी झाली. तिने आजाराचे सोंग केले आणि त्या हत्तीचे सुळे आणण्यासाठी सोनुत्तर नावाच्या शिकाऱ्याला धाडले.

शिकाऱ्याने खड्डा खणला, अंगावर काषाय वस्त्र पांघरले आणि विषारी बाण मारला. चवताळलेला गजराज त्याला चिरडणार, तोच त्याला ते वस्त्र दिसले. त्या वस्त्राचा मान राखून त्याने सोंड आवरली. शिकाऱ्याला सुळे कापता येईनात, तेव्हा गजराजाने स्वतः करवत धरली आणि आपले सुळे कापून दिले. ते सुळे समोर आले तेव्हा राणीचे काळीज फाटले आणि तिने प्राण सोडला.

आता चित्रकाराने काय केले ते पाहा. त्याने राजवाडा काढला, सिंहासन काढले, मूर्च्छा आलेली राणी आणि तिला सावरणाऱ्या दासी काढल्या. परंतु त्याच भिंतीवर त्याने रान काढले, कमळांचे सरोवर काढले आणि हत्तींचा कळप काढला. येथे रान ही राजवाड्यामागची नुसती शोभा नाही. रानात घडलेल्या गोष्टीने राजवाड्याची मान खाली घातली आहे.

माता-भगिनींनी या कथेत आणखी एक गोष्ट पाहावी. ‘राणी दुष्ट होती’ एवढे सांगून कथा मिटवू नये. एकाच्या अंगावर फुले आणि दुसऱ्याच्या अंगावर मुंग्या, ही तक्रार कोणत्या घरात नाही? मुलाला दूध आणि मुलीला ताक, धाकट्याला नवे दप्तर आणि थोरल्याला जुने, हे आपल्या हातून न कळतच घडते. देणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही. घेणाऱ्याच्या मनात मात्र ते घर करते. मुलांना विचारा, “तिला राग का आला? गजराजाला ते कळले असते तर त्याने काय केले असते? आणि राग आला म्हणून तिने जे केले ते बरोबर होते काय?” एका चित्रातून किती बोलणे निघते, ते पाहा.

पाठीचा पूल

१७ क्रमांकाच्या लेण्यात महाकपी जातकही रंगविले आहे. गंगेच्या काठी आंब्याचे एक मोठे झाड होते. त्यावर वानरांचा कळप राहत होता. त्या झाडाचा एक आंबा नदीतून वाहत जाऊन काशीच्या राजाच्या हाती पडला. राजाला गोडी लागली. तो धनुर्धारी घेऊन आला आणि त्याने झाडाला वेढा घातला. वानरांच्या नायकाने एक वेत आणून तो पलीकडच्या काठाला बांधला. वेत थोडा आखूड पडला, तेव्हा त्याने दुसरे टोक आपल्या कमरेला बांधून झाडाची फांदी हातांनी घट्ट धरली आणि स्वतःच्या पाठीचा पूल केला. सारा कळप त्याच्या पाठीवरून पार झाला. सर्वांत शेवटी आलेल्या एकाने मुद्दाम उंचावरून उडी घेऊन त्याची पाठ मोडली. पाली कथा सांगते की तो देवदत्त होता.

हे सारे पाहणाऱ्या राजाने बाण खाली ठेवविले, त्या नायकाला अलगद खाली उतरवून घेतले आणि त्याच्या पायाशी बसून राज्य कसे करावे हे विचारले. ज्याच्या राज्यात प्रजा सुखी तोच राजा, हे उत्तर त्याला एका वानराकडून मिळाले.

समाजासाठी ज्यांनी आपली पाठ वाकविली, त्यांच्या पाठीवरून आपण सगळे शाळेत गेलो, नोकरीत गेलो, शहरात गेलो. पार झाल्यावर मागे वळून पाहणारे किती आणि उडी मारणारे किती, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

पुनर्जन्म न मानता जातक कसे सांगावे?

येथे काही बांधव रास्त शंका घेतील. आत्मा आणि त्याचा पुनर्जन्म आपण मानीत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या प्रश्नाची कठोर चिकित्सा केली आहे. मग ‘बोधिसत्त्व मागील जन्मी हत्ती होता’ असे आपण मुलांना का सांगावे?

तसे सांगूच नये. जातके ही लोकांत चालत आलेल्या नीतिकथांची ठेव आहे. भिक्षूंनी ती धम्म सांगण्यासाठी वापरली आणि चित्रकारांनी अक्षर न येणाऱ्यांसाठी भिंतीवर उतरविली. हत्ती बोलतो तो कथेत बोलतो, हे मुलाला कळते. त्याला गोष्ट म्हणूनच सांगावे. मैत्री, करुणा आणि क्षमा शिकण्यासाठी मागचा जन्म मानण्याची गरज नाही. मात्र गोष्ट सांगून झाल्यावर चमत्काराला हात जोडायला लावू नये. “यातून काय घ्यायचे?” असा प्रश्न विचारावा.

भिंतीवरून कागदावर, कागदावरून संविधानात

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत आला आणि ही लेणी पुन्हा जगासमोर आली. त्याने १० क्रमांकाच्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून ठेवले. लेण्यात नाव कोरण्याची ही खोड तेव्हापासून किती चित्रांना भोवली आहे!

पुढे रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बऱ्याच १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तिसऱ्यांदा लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात आल्या. त्यांच्या मदतीला बंगालचे तरुण चित्रकार नंदलाल बोस आणि असितकुमार हळदार होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद होते. अजिंठा आणि आपला हा भाग तेव्हा एकाच निजाम राज्यात होता.

नंदलाल बोस यांचे गुरू अवनींद्रनाथ टागोर यांनी जलरंगात नवी पद्धत रूढ केली होती. रंगविलेला कागद पुन्हा पुन्हा पाण्याने ओला करायचा, म्हणजे रंग एकमेकांत मुरतात आणि चित्रावर धुक्याची छटा येते. १९१३ साली लंडनहून भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांचे भारतीय पुराणकथांचे आणि बौद्धकथांचे सचित्र पुस्तक निघाले. त्यात अवनींद्रनाथांनी ‘बोधिसत्त्वाचे सुळे’ आणि ‘राजपुत्र सिद्धार्थाचे प्रस्थान’ ही चित्रे काढली. आपल्या मराठवाड्याच्या भिंतीवर शतकानुशतके असलेली राणीची आणि हत्तीची कथा अशी गोष्टींच्या पुस्तकात जाऊन बसली.

अजिंठ्याच्या भिंतीसमोर हात बसविलेल्या याच नंदलाल बोस यांच्याकडे पुढे भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम आले. शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यात साथ दिली. अक्षरे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांची आहेत. त्या प्रतीत पाचव्या भागाच्या आरंभी भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग आहे आणि सातव्या भागाच्या आरंभी सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचे चित्र आहे. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी त्या प्रतीवर सह्या केल्या. ज्या ग्रंथाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, त्या ग्रंथाच्या पानापर्यंत अजिंठ्याची रेषा अशी पोहोचली आहे. हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

बाबासाहेबांनी दाखविलेला सिद्धार्थ

आता पुन्हा राजपुत्राच्या तसबिरीकडे वळू. बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थाचे बालपण आहे, जखमी पक्षी आहे, देवदत्तही आहे. परंतु त्या पानांतले चित्र कॅलेंडरच्या चित्राहून किती वेगळे आहे!

बाबासाहेब सांगतात की शाक्यांचे राज्य गणराज्य होते. तेथे अनेक राजकुळे होती, ती आळीपाळीने कारभार पाहत आणि प्रमुखाला राजा म्हणत. सिद्धार्थाचा जन्म झाला तेव्हा शुद्धोदनाची पाळी होती. शुद्धोदनाची जमीन अफाट होती आणि ती कसायला एक हजार नांगर लागत, असे सांगतात. म्हणजे मुकुट काढा, की खाली एक मोठा शेतकरी उभा आहे!

वप्रमंगल हा शाक्यांचा पेरणीच्या वेळचा नांगरणीचा सण. त्या दिवशी सिद्धार्थ स्वतः नांगराला हात लावीत असे. विद्वान असूनही अंगमेहनतीची त्याला लाज नव्हती. एकदा तो मित्रांबरोबर वडिलांच्या शेतावर गेला. तेथे रणरणत्या उन्हात अपुऱ्या कपड्यांनिशी मजूर नांगरीत होते, बांध घालीत होते, झाडे तोडीत होते. ते पाहून तो कळवळला. एकाने राबायचे आणि दुसऱ्याने त्या श्रमाचे फळ खायचे हे न्यायाचे कसे, असा प्रश्न त्याने मित्रांना विचारला. मित्रांना उत्तर सुचले नाही. राबण्यासाठीच मजूर जन्माला येतो, असे त्यांना शिकविले गेले होते.

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातही नांगरणीच्या सोहळ्याच्या वेळी ध्यानाला बसलेल्या सिद्धार्थाचा प्रसंग रंगविलेला आहे. म्हणजे त्या अनाम चित्रकारालाही नांगर महत्त्वाचा वाटला होता. तो नांगर आपल्या कॅलेंडरवरून कोठे गेला?

गृहत्यागाचेही तसेच. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र निघून गेला, हे चित्र सर्वत्र दिसते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले. त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. संघ युद्धाला निघाला होता. सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला. दोन्हीकडचे दोन-दोन माणसे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असा मार्ग त्याने सुचविला. बहुमत विरुद्ध गेले. युद्धाला साथ देण्याऐवजी त्याने प्रव्रज्या पत्करली.

पाण्याचा तंटा म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मग ही नदी, तिचे दोन काठ आणि दोन्हीकडचे तहानलेले शेतकरी आपल्या मुलांच्या चित्रात का नसावेत?

मुलांच्या हाती रंग द्या

येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात ग्रंथवाचन होईल. त्याच वेळी मुलांना कागद आणि रंग द्यावेत, एवढीच विनंती आहे. महागडी पेटी लागत नाही. तांबड्यासाठी गेरू आहे, काळ्यासाठी दिव्याची काजळी आहे, पांढऱ्यासाठी खडू आहे. पिवळ्यासाठी हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती आपल्याच जिल्ह्याची! हळदीत थोडा चुना कालवला की लालसर रंग होतो, पण चुना मोठ्या माणसाने कालवावा. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळवून त्यात रंग घोटला, की तो कागदाला धरतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, गेरूचा टिकतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी माती आणि दगड का निवडले, हे मुलांना त्यातून आपोआप कळेल. जलरंगात आधी फिका हात द्यावा, मग गडद. जेथे उजेड हवा तेथे कागद कोराच सोडावा.

विषय मात्र आपण निवडून द्यावेत. नांगर धरलेला सिद्धार्थ. उन्हातला मजूर आणि त्याच्याकडे पाहणारा सिद्धार्थ. जखमी पक्षी. रोहिणीचे दोन काठ. पाठीचा पूल झालेला वानर. जांभळाचे झाड कसे असते, हे मुलांना पुस्तकात पाहू देऊ नका. शिवारात न्या, पान हातात द्या. बैल कसा वाकतो, नांगराचा रुमण्याला हात कसा लागतो, हे आजोबांना विचारू द्या. आपल्या घरातल्या ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर काम केले, ते हात त्या चित्रात येऊ द्या.

आणि जमेल तेव्हा मुलांना अजिंठा दाखवा. फर्दापूर गाठले की लेणी जवळ आहेत. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. १७ क्रमांकाच्या लेण्यात घाई करू नका. डोळे अंधाराला सरावू द्या. हत्ती सापडला की राणी शोधा आणि राणी सापडली की रान शोधा. भिंतीला हात लावू नका, नाव कोरू नका.

बांधवांनो, जुनी तसबीर काढून टाका, असे कोणी म्हणत नाही. तिच्या शेजारी मुलाने गेरूने आणि हळदीने रंगविलेले एक चित्र लावा. त्यात मुकुट नसला तरी चालेल. नांगर असावा, पाणी असावे, पाखरू असावे आणि राबणारा माणूस असावा. मूल मोठे झाल्यावर “बुद्ध कोण होते?” असे त्याला कोणी विचारले, तर त्याने “एक राजपुत्र होते” एवढ्यावर थांबू नये. अन्याय पाहून ज्याने प्रश्न विचारला, तो माणूस त्याला सांगता यावा.

नमो बुद्धाय! जय भीम!